छोट्या कॉलेजात पर्यावरणशास्त्र: घ्यावं का, आणि जाऊन नक्की काय बघावं?

रानजाई:
लेकीला पर्यावरणशास्त्र आणि शाश्वतता या विषयात पदवी करायची आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक मोठं विद्यापीठ, पहिल्या वर्षाच्या वर्गात दोनशेच्या वर मुलं. दुसरं छोटं कॉलेज, या विषयाला जेमतेम वीस मुलं आणि तीन शिक्षक. तिचा जीव छोट्यावर. मला धास्ती प्रयोगशाळेची. शिवाय 'शाश्वतता' म्हणून शिकवतात तरी काय? झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा एवढंच असेल तर त्याला पदवी कशाला हवी? अनुभवी मंडळींनी सांगा. 'आवडतं ते करू द्या' हे सोडून, कारण ते मी आधीच बोलून बसले आहे.

पाणलोट:
ताई, मी अशाच कॉलेजातून शिकलो, आता पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. यंत्रं कमी होती, खरंय. पण या विषयाचा पाया काचेच्या भांड्यांवर घालता येतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत १८८८ ची आहे. बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढरा बसला तर त्या पाण्यात मासा जगायचा नाही. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून ते थेंबथेंब सोडून मोजायचं. पाणी फिकट पिवळं झालं की स्टार्च, की निळंशार, आणि मग एका थेंबासरशी निळा रंग गायब. तो थेंब माझ्याकडून पहिल्या वर्षी निदान वीस वेळा चुकला असेल. बाई शेजारी उभ्या राहून बघायच्या. दोनशेच्या वर्गात माझ्या ब्युरेटजवळ कोण उभं राहिलं असतं?

बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजायचा, इन्क्युबेटर कुठे आहे ते विचारा. नमुने अंधारात २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवावे लागतात. तो चालू आहे की वर कापड टाकून शोभेला ठेवलाय, एवढ्यावरून निम्मं कळतं. मग नोंदवही मागा. जवळच्या एखाद्या तळ्याचं पाणी त्याच जागी वर्षानुवर्षं मोजलं जात असेल तर डोळे मिटून घ्या. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तेव्हा आकडा ३१५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३१५) आसपास होता, आता ४२० च्या वर आहे. त्या आलेखाचं वजन न कंटाळता एकाच जागी मोजत राहण्यात आहे, आणि ते छोट्या कॉलेजलाही जमतं.

कावळा_उवाच:
एवढं गोड चित्र नको. तीन शिक्षक म्हणजे एक रजेवर गेला की तिसरा हिस्सा विषय रजेवर. आमच्याकडे संख्याशास्त्र शिकवणारे सर दुसऱ्याच विषयाचे, आदल्या रात्री वाचून यायचे. मला पहिल्या नोकरीत कळलं की नमुने किती घ्यायचे हेच आपल्याला ठरवता येत नाही. क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीची चौकोनी चौकट, कुठेही टाकून झाडं मोजली म्हणजे सर्वेक्षण होत नाही. 'बरं दिसलं तिथे टाकला' असं मी एकदा खरोखर लिहून दिलं होतं. संख्याशास्त्र आणि रसायनशास्त्र कोण शिकवतं, ते नावानिशी विचारा.

शेवाळ:
कावळेबुवांशी सहमत. शाश्वततेबद्दल मात्र बोलते, कारण माझं कामच ते. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या सगळे पाठ करतात: पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा न आणता आजच्या भागवायच्या. परीक्षेपुरती ठीक. खरा अभ्यास हिशेबाचा आहे. एखाद्या संस्थेच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे तीन भाग करतात: स्कोप १ म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ मुख्यतः विकत घेतलेली वीज, आणि स्कोप ३ म्हणजे खरेदी, प्रवास, कचरा, असं बाकी सगळं. तिसऱ्यातच घाम फुटतो.

आमच्या कॉलेजात हा प्रकल्प होता. ऑफिसातल्या काकांनी दोन वर्षांची वीजबिलं माझ्यापुढे ठेवली, एक महिना गहाळ. तो भरून काढायचा कसा, आणि भरला तर अहवालात तसं लिहायचं का, यावर आमचा आख्खा तास गेला. मोठ्या ठिकाणी विद्यार्थ्याला ही फाईल बघायला मिळण्याआधीच सत्र संपतं.

गवताळ:
नकाशांचं कुणी बोललं नाही. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा १९७२ पासूनचा साठा २००८ पासून फुकट मिळतो, सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं १० मीटर तपशिलाची, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट. इथे छोटं-मोठं असा भेद नाही. बरा संगणक आणि शिकवणारा हवा.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. कालच जाऊन आलो. इन्क्युबेटर चालू होता, बाटल्यांवर मुलांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. नोंदवहीत तळ्याची अकरा वर्षं. मध्येच एका पानावर 'रात्री वीज गेली, तापमान चढलं, नमुने टाकून दिले' एवढंच, पुढचे रकाने कोरे.

पाणलोट:
ते कोरे रकाने बघून बरं वाटलं. अंदाजाने आकडे भरणारेही पाहिलेत. संख्याशास्त्राचं विचारलंत ना?

रानजाई:
विचारलं. गणित विभागातल्या बाई, आठवड्याला एकच तास. कमी आहे हे लेकीलाच पटलं. प्रवेश तिथेच घेतेय, पण कालपासून 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकायला बसलीय. आज पहिला आलेख उलटा आला म्हणून चिडली आहे.

कावळा_उवाच:
अक्षांची अदलाबदल झाली असेल. बघायला सांगा.