सिएटलमधे आंदोलकांनी अख्खी वस्ती ताब्यात घेतली होती, ते आपल्या पत्री सरकारसारखं म्हणता येईल का?

विट्याचा_पोरगा
राम राम मंडळी. माझा मावसभाऊ अमेरिकेत सिएटलला असतो, दिवाळीला विट्याला आलता तेव्हा जेवताना विषय निघाला की 2020 ला तिथं लोकांनी कॅपिटल हिल भागातले पाच-सहा चौक तीन आठवडे ताब्यात ठेवले, पोलिसांना आत यायला बंदी. आमचे अण्णा लगेच म्हणाले, मग हे आपलं पत्री सरकारच झालं की, इंग्रजांच्या राज्यात आपल्या लोकांनी स्वतःचं चालवलेलं! तिथनं जो वाद पेटला तो आमटी गार झाली तरी मिटला नाही. मला खरंच समजून घ्यायचंय, पोलिस गेलेच कसे आणि अण्णा म्हणतात ते कितपत बरोबर?

कराडकर_परत_आला
मी तेव्हा तिथंच नोकरीला होतो, चालत पंधरा मिनिटांवर खोली. 25 मे ला मिनियापोलिसमधे पोलिसानं मानेवर गुडघा दाबून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला मारलं, त्यानंतर आमच्याकडंबी रोज रात्री पोलिस ठाण्यासमोर मोर्चा, अश्रुधूर, खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबून झोपायचो. लोकांनी हल्ला करून ठाणं घेतलं असं बरेच जण समजतात पण तसं नाही, 8 जूनला पोलिसच सामान भरून निघून गेले. मग लोकांनी बॅरिकेड लावले आणि ठाण्याच्या पाटीवर 'पोलिस' खोडून 'पीपल' लिहिलं. दिवसा मी तीन-चारदा गेलो, फुकट जेवण, भाषणं, पाईन स्ट्रीटवर मोठ्या रंगीत अक्षरांत 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' (काळ्यांच्या जिवालाबी मोल आहे), आणि कॅल अँडरसन पार्कात गवतावर पुठ्ठे पसरून वर माती टाकून भाजीचे वाफे. एका काळ्या म्हातारीला पाणी घालताना बघितलं, ते डोळ्यापुढनं जात नाही.
रात्री मात्र वेगळं. 20 जूनला पहाटे गोळीबारात 19 वर्षाचा पोरगा गेला, अँब्युलन्स बाहेरच थांबलेली, स्वयंसेवकांनीच त्याला दवाखान्यात नेलं. 29 ला 16 वर्षाचा गेला. 1 जुलैला महापौर जेनी डर्कन यांच्या आदेशानं पोलिसांनी सगळं मोकळं केलं.

कुंडलची_नात
अण्णांचा मान राखून सांगते, तुलना पुरी बसत नाही. पत्री सरकार 1943 ते 46 टिकलं ते का टिकलं? तेव्हाचा सातारा म्हणजे आजचा सांगलीपण त्यातच, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पाठीशी गावंच्या गावं. तुफान सेना म्हणजे त्यांचं स्वतःचं दल होतं, गावोगाव न्यायदान मंडळं होती, बांधाचं भांडण असो नायतर सावकाराचा जुलूम, तक्रार घेऊन माणूस कुठं जायचा हे ठरलेलं होतं. माझी आजी उसात लपलेल्या पोरांना भाकरी न्यायची, वर शेण्यांचा थर आणि खाली फडक्यात भाकरी. ती सांगायची, पोरांनी कुणाची कोंबडी जरी उचलली तरी जाब द्यावा लागायचा. सिएटलला रात्री बंदूक घेऊन कोण आत आलं, त्याला जाब विचारणार कोण, हेच ठरलेलं नव्हतं. त्या दोन पोरांच्या आयांचं काय हो?

सातारा_राजवाडा
ताई, तुमचं पटतंय पण एक बाजू राहिली. पोलिस न सांगता निघून गेले, मग तीन आठवड्यांत न्यायमंडळ कुठनं उभं राहणार, आपल्याकडं तरी त्याआधी 1942 च्या 'चले जाव'चे मोर्चे, तुरुंग, किती वर्षांची बांधणी होती. आणि त्यांची मागणी काय वेडी नव्हती, पोलिसांचं बजेट निम्मं करा आणि तो पैसा काळ्यांच्या वस्त्यांत लावा. आमचं गाव कोयना धरणात गेलं, कलेक्टर ऑफिसपुढं ठिय्या मारून मारून आमच्या वडलांची पिढी सरली, म्हणून कोण रस्त्यावर बसलं की मी आधी त्याचं ऐकून घेतो. हां, त्या चौकांतल्या दुकानदारांचे हाल झाले ते पण खरं, शेवटी शहरानं त्यांना 36 लाख 50 हजार डॉलर देऊन केस मिटवली.

विट्याचा_पोरगा
सगळं अण्णांना वाचून दाखवलं. शेण्यांखालच्या भाकरीपाशी थांबवलं आणि परत वाच म्हणाले, त्यांची आईपण तसंच न्यायची म्हणे, हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. कराडकर, ती भाजीची बाग राहिली का पुढं?

कराडकर_परत_आला
राहिली की, लोकांनी साडेतीन वर्षं जपली. डिसेंबर 2023 मधे शहरानं काढून टाकली.