जीमॅट डीएस: दोन चल, समीकरण एकच, तरी उत्तर ए कसं काय?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून जीमॅटची (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी चालू आहे, अभ्यास रात्रीच होतो आणि तेव्हा विचारायला कोणी नसतं म्हणून इथे टाकतोय. बाकी गणित बरं चाललंय पण डेटा सफिशियन्सी (डीएस, म्हणजे प्रश्नाचं उत्तर न काढता दिलेली दोन विधानं उत्तराला पुरतात का एवढंच सांगायचं) आलं की गाडी अडते. हा प्रश्न बघा:

पेन १७ रुपयांना, वही २९ रुपयांना. रियाने काही पेनं आणि काही वह्या घेतल्या. पेनं किती घेतली?
(१) बिल २८१ रुपये झालं.
(२) पेनं वह्यांपेक्षा ३ने जास्त होती.

माझं म्हणणं, दोन चल आहेत तर दोन समीकरणं लागणारच, म्हणजे दोन्ही विधानं एकत्र, उत्तर सी. पण दिलंय ए, म्हणजे पहिलं विधान एकटंच पुरेसं. शाळेपासून हेच शिकलोय ना आपण, मग इथे नियम मोडतो कसा आणि मोडला हे परीक्षेत ओळखायचं कसं? डीएस ज्यात येतं त्या डेटा इनसाइट्स विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न म्हणजे एकाला जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात, त्यात एकेक आकडा घालून बघत बसलो तर संपलंच.

खडूफळा:
उत्तर ए बरोबर आहे. तुमचा नियम चुकीचा नाहीये, पण तो लागतो कुठे, तर चलाला कुठलीही किंमत घ्यायची मोकळीक असते तिथे. पेन साडेतीन घेता येत नाही, उणे दोन घेता येत नाही. ही अट प्रश्नात कुठे लिहिलेली नसते पण ती असतेच, आणि ती तिसऱ्या विधानाइतकी कामाची असते.

आता आकडे न घालता कसं बघायचं ते सांगतो. समजा २८१ रुपयांत बसणाऱ्या दोन वेगवेगळ्या जोड्या आहेत. मग एका जोडीतून दुसरीत जाताना काही पेनं परत द्यायची आणि तेवढ्याच पैशांच्या वह्या घ्यायच्या, बरोबर? १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे अशी अदलाबदल कमीत कमी २९ पेनं देऊन १७ वह्या घेतल्या तरच जमते. २९ पेनांचे होतात ४९३ रुपये, इथे बिलच २८१ आहे. म्हणजे अदलाबदलीला जागाच नाही, म्हणजे दुसरी जोडी नाही. आणि एक जोडी तर आहेच, कारण विधान खरं आहे असं परीक्षा स्वतःच सांगते. झालं, पुरेसं आहे. (बघायचंच असेल तर ८ पेनं, ५ वह्या. १३६ अधिक १४५.)

हेच पेन १० रुपये, वही २५ आणि बिल २०० असतं तर? ५ पेनं द्या, २ वह्या घ्या, पैसे तेवढेच. १५ पेनं २ वह्या, १० पेनं ४ वह्या, ५ पेनं ६ वह्या, सगळ्या बसतात. तिथे पहिलं विधान एकटं पुरत नाही.

रात्रपाळी:
खडूफळा यांनी मस्त समजावलंय, त्यात एक भर घालते. प्रश्न वाचल्यावर आधी बघायचं की गोष्ट मोजायची आहे का मापायची. वरच्या गणितात पेन आणि वहीच्या जागी १७ रुपये किलोचे कांदे आणि २९ रुपये किलोचे बटाटे टाका, बाकी सगळं तेच. कांदे पाव किलो पण घेता येतात, त्यामुळे २८१ रुपयांत वाट्टेल तेवढ्या जोड्या बसतात आणि तेव्हा उत्तर खरंच सी येतं. शब्द बदलले की उत्तर बदलतं, आकडे तेच राहून!

आणि होय/नाही वाल्या प्रश्नांबद्दल पण सांगते कारण तिथे भले भले अडकतात. प्रश्न असा की पूर्णांक एन मूळ संख्या आहे का, आणि विधान की एन २४ पेक्षा मोठा, २८ पेक्षा लहान. २५, २६, २७, एकही मूळ नाही. उत्तर ठाम 'नाही' आलं म्हणजे विधान पुरेसं आहे, पण 'नाही' दिसलं की लोक 'पुरेसं नाही' वर टिक करून मोकळे होतात. कच्च्या कागदावर दोन वेगळ्या ओळी करत जा, एकीत उत्तर काय आलं, दुसरीत ते नक्की आहे का.

अजून एक, एक्स भागिले वाय १ पेक्षा मोठं आहे का, विधान: एक्स वायपेक्षा मोठा. सरळ हो वाटतं. ३ आणि २ घ्या, हो येतं, २ आणि उणे ३ घ्या, नाही येतं. वायचं चिन्ह माहीत नसताना त्याने गुणायचं नाहीच, ही सवय लावून घ्या.

खडूफळा:
हो, आणि दुसरं विधान वाचताना पहिलं डोक्यातून पूर्ण काढायचं. पहिलं एकटं पुरलं तर ए किंवा डी (दोन्ही एकेकटी पुरतात), नाही पुरलं तर बी (फक्त दुसरं पुरतं), सी, ई (एकत्र करूनही पुरत नाहीत), म्हणजे पहिल्याच फटक्यात दोन-तीन पर्याय उडतात. शिवाय जीमॅटमध्ये दोन विधानं एकमेकांना कधी खोटं पाडत नाहीत. पहिल्यातून एक्स ५ आणि दुसऱ्यातून ३ किंवा उणे ३ येत असेल तर तुमच्याच आकडेमोडीत काहीतरी गडबड आहे, मागे जाऊन बघा.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी जीमॅट आली तेव्हापासून डीएस क्वांटमध्ये (गणिताच्या विभागात) नाही, डेटा इनसाइट्समध्ये आहे. जुने प्रश्न सरावाला उत्तम आहेत, ते टाकू नका. डेटा इनसाइट्समध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण डीएसला तो उघडावासा वाटला की थांबून विचारा, मला उत्तर काढायचंय का उत्तर एकच आहे हे बघायचंय.

कोथरूडकर:
अदलाबदलीचं एकदम पटलं, कोणी असं सांगितलंच नव्हतं. आता हे बघा बरोबर जमलंय का. पेन १२, वही १८, दोन्ही घेतले आहेत, पेनं किती? (१) बिल ९०. (२) पेनं वह्यांपेक्षा जास्त. ३ पेनं देऊन २ वह्या येतात, ३६ रुपये, ९० मध्ये आरामात बसतं. ६ पेनं १ वही, ३ पेनं ३ वह्या. पहिलं एकटं पुरत नाही. दुसरं एकटं तर काहीच सांगत नाही. एकत्र केलं की फक्त ६ आणि १ उरतं, म्हणून सी?

रात्रपाळी:
बरोब्बर, सी. ० पेनं ५ वह्या पण ९० होतात, ती जोडी 'दोन्ही घेतले आहेत' मुळे गेली, तेवढं कागदावर लिहीत जा. आता यातच (२) बदलून 'वह्या १ पेक्षा जास्त' करा आणि सोडवून इथेच टाका, उद्या बघते.