फक्त करवाढ पुरेशी आहे का? गरीब माणसाचे धूम्रपान सोडवण्याविषयी

मूळ मांडणी :
तंबाखूवरचा कर वाढला की धूम्रपान घटते, हे मला मान्य आहे. परंतु किंमत वाढूनही ज्याला सिगारेट सुटत नाही, त्या गरीब माणसावर दुहेरी भार पडतो : व्यसन तसेच राहते आणि घरखर्चाचे पैसे धुरात जातात. कोणत्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी जेमतेम ३ ते ५ जणांना दीर्घकाळ यश येते. म्हणून त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी, निकोटिनचे च्युइंगम, औषधे आणि समुपदेशन गरिबांना विनामूल्य मिळाले पाहिजे.

पहिला प्रतिसाद :
मी असहमत आहे. किमतीचा परिणाम सर्वाधिक होतो तो गरिबांवरच, आणि करवाढीला सरकारचा पैसाही लागत नाही. शिवाय आजवर सिगारेट सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी ती औषधाविनाच सोडली आहे. निश्चय नसेल, तर फुकट मिळालेली पट्टी खणात पडून राहील. मर्यादित निधी मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यावर खर्च व्हावा.

मूळ लेखकाचे उत्तर :
बहुतेकांनी औषधाविना सोडली, कारण बहुतेकांपर्यंत औषध पोहोचलेच नाही. त्यांचे आधीचे किती प्रयत्न फसले, तेही मोजायला हवे. निश्चयाचा मुद्दा तर मला अन्यायकारक वाटतो. सोडण्याची इच्छा गरिबांमध्येही असते. मात्र आजूबाजूला सगळेच ओढणारे, डोक्यावर कर्ज आणि कामाच्या पाळीत मिळणारी एकमेव उसंत म्हणजे सिगारेटपुरती सुट्टी, अशा स्थितीत पहिल्या आठवड्यातली तीव्र तलफ सोसणे फार अवघड असते. पट्टी ही तलफ सौम्य करते, आणि पट्टीसोबत च्युइंगम घेतल्यास यशाची शक्यता आणखी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनची ही उत्पादने २००९ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. कर जरूर वाढवावा, पण त्यातून आलेला पैसा या उपचारांसाठी वापरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर :
कराचा पैसा उपचारांसाठी राखून ठेवण्यास माझी हरकत नाही. निश्चयाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

दुसरा प्रतिसाद :
औषध विनामूल्य केले, तरी समुपदेशनासाठी दिवसभराची मजुरी बुडवावी लागत असेल, तर रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या भेटीला येणार नाही. त्याच्यासाठी संध्याकाळची वेळ, दूरध्वनीवरून पाठपुरावा आणि पुन्हा ओढू लागल्यास न रागावता दिलेली दुसरी संधी, यांची सोय आधी करावी लागेल.