अध्यापक महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा गुणगौरव: निवड आणि आखणी कशी करावी?

कोरी_पाटी
अध्यापक महाविद्यालयातून शिकून गेलेल्या आणि पुढे उल्लेखनीय काम केलेल्या माजी विद्यार्थ्यांचा दरवर्षी गुणगौरव करायचं ठरलं आहे. पहिलंच वर्ष, हाताशी नऊ महिने. तोंडी सुचवलेली जी नावं जमली आहेत ती जवळजवळ सगळी मुख्याध्यापक, अधिकारी आणि प्राध्यापकांची. रोज वर्गात उभा राहणारा एकही शिक्षक त्यात नाही. शिक्षक घडवणाऱ्या संस्थेच्या यादीत शिक्षकच नसावा, हे पटत नाही. निकष कसे लावावेत, अर्जात काय मागावं, समितीत कोण असावं? निकालाची टक्केवारी पुरावा म्हणून धरावी का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

निकषपट्टी
नामांकन करणारा दुरून जे दिसतं तेच लिहितो, आणि दुरून पद दिसतं, वर्ग दिसत नाही. वर्गशिक्षकाचं काम खरं पाहिलेलं असतं ते त्याच्या विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याने. तुमचं आवाहन फक्त माजी विद्यार्थ्यांच्या यादीवर गेलं तर या तिघांपर्यंत ते पोचतच नाही. तुमचे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, सराव पाठांसाठी ज्या शाळांत जातात तिथे आवाहन आधी पाठवा. त्या शाळांत तुमचे जुने विद्यार्थी असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दुसरा उपाय म्हणजे गट वेगळे करणं. वर्गाध्यापन, शाळेचं नेतृत्व, संशोधन व शिक्षक-प्रशिक्षण, आणि पदवीनंतर पहिल्या १० वर्षांतलं काम, असे चार गट पुरतात. सगळ्यांना एकाच गटात तोलाल तर दरवेळी पदच जिंकेल, कारण अधिकाऱ्याच्या कामाचा आकडा हजारोंत असतो आणि शिक्षकाचा चाळिसात. पाचवा गट मात्र वाढवू नका. गट वाढले की एखाद्यात दोनच अर्ज येतात आणि त्यातला एक निवडावाच लागतो. नियमावलीत पहिल्याच वर्षी हे वाक्य घाला: 'योग्य नामांकन नसल्यास त्या गटात त्या वर्षी पुरस्कार दिला जाणार नाही.' नंतर घालायला गेलात तर ते कोणावर तरी रोखलेलं वाटतं.

गुणांची विभागणी १०० पैकी अशी चालते: विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर झालेला परिणाम ४०, इतर शिक्षकांपर्यंत ते काम पोचणं २५, परिस्थितीची अडचण २०, सातत्य १५. पदाला आणि आधीच्या पुरस्कारांना शून्य. आधीच्या पुरस्कारांना गुण दिले की एकदा नावाजलेल्या माणसाचीच पुन्हा पुन्हा निवड होते.

निकालाची नुसती टक्केवारी धरू नका. ती शाळेत कोणती मुलं प्रवेश घेतात यावर, बाहेरच्या शिकवण्यांवर आणि कच्च्या मुलांना परीक्षेला बसू दिलं की नाही यावरही ठरते. शंभर टक्के निकालामागे वर्ग सोडून गेलेली मुलं असू शकतात. आकडे हवेतच असतील तर त्याच तुकडीची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची पातळी मागा, आणि पटावर किती होते व परीक्षेला किती बसले तेही मागा. यापेक्षा बोलका पुरावा म्हणजे एकाच मुलाच्या वहीतली सहा महिन्यांच्या अंतराची दोन पानं.

वहीचे_पान
अर्जाबद्दल. नामांकनपत्र दोन पानांपेक्षा मोठं केलंत तर ज्याला कार्यालयीन मदत आहे तोच भरेल. नामांकन करणाऱ्याकडून फक्त ३०० शब्द, तीन प्रश्नांची उत्तरं: काय केलं, त्याने कोणात काय बदल झाला, तुम्ही ते कसं पाहिलं. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'उत्कृष्ट व्यक्तिमत्त्व' लिहिणाऱ्याची लेखणी तिथेच अडते.

पुरावे दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पहिल्या छाननीत राहिलेल्यांकडूनच मागा: एक पाठ टाचण (तासाची लेखी आखणी), त्या पाठातलं मुलांचं काम, एका सहकाऱ्याचं पत्र आणि शक्य असेल तर तासाचं १५ मिनिटांचं सलग, न कापलेलं चित्रीकरण. मुलांचे चेहरे किंवा नावं दिसत असतील तर पालकांची लेखी परवानगी आधी हवी. नसेल तर नुसता आवाज आणि फळा पुरतो. स्वतःचं नामांकन स्वतः करू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. एकशिक्षकी शाळेतल्या माणसाचं नाव दुसरं कोण सुचवणार?

पदवीची पडताळणी लवकर करा, तिथे फार वेळ जातो. सांगितलेलं वर्ष कधी प्रवेशाचं असतं, कधी निकालाचं. लग्नानंतर नाव बदललेलं असतं. कोणी पदवी नव्हे तर अल्पमुदतीचा सेवांतर्गत वर्ग केलेला असतो. अर्जात 'शिकत असतानाचं नाव' असा वेगळा रकाना ठेवा आणि नोंदवही प्रवेशवर्ष व निकालवर्ष दोन्हींनी तपासा. पदविका आणि प्रमाणपत्रवाले पात्र आहेत की नाहीत, हे आवाहनातच स्पष्ट लिहा.

सम_विषम
समिती ५ किंवा ७ जणांची. सध्याचे प्राध्यापक दोनच, एक बाहेरचा तज्ज्ञ, आणि किमान एक जण आज रोज तास घेणारा शालेय शिक्षक. पुढच्या वर्षापासून आधीचा एक पुरस्कारप्राप्त घ्या. कोणाचा नातेवाईक, सहकारी किंवा ज्याच्या प्रबंधाला मार्गदर्शन केलं असा उमेदवार असेल तर ते आधी लेखी कळवायचं आणि त्या नावाच्या चर्चेत बाहेर बसायचं. नुसतं 'मी मत देणार नाही' म्हणून खोलीत बसून राहिलं तर बाकीचे मोकळं बोलत नाहीत.

गुण बैठकीच्या आधी, प्रत्येकाने घरी बसून द्यायचे आणि बंद करून पाठवायचे. नाहीतर सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती आधी बोलते आणि बाकीचे गुण तिच्याभोवती जमा होतात. वर दिलेली विभागणी मला मान्य आहे, पण सरासरी काढू नका. एक परीक्षक ६० ते ९५ मध्ये गुण देतो, दुसरा ७८ ते ८४ मध्ये. सरासरीत पहिल्याचंच मत निर्णायक ठरतं. प्रत्येकाच्या गुणांवरून क्रम लावा आणि क्रमांकांची बेरीज करा. चर्चा सर्व नावांवर करायची गरज नाही. ज्याला एकाने पहिल्या तिघांत आणि दुसऱ्याने शेवटच्या तिघांत ठेवलं आहे त्याच्यावरच वेळ द्या, कारण तिथे एकाने काहीतरी पाहिलं आहे जे दुसऱ्याच्या नजरेतून सुटलं.

आणखी एक, कोणी बोलत नाही पण आवश्यक आहे. ही माणसं मुलांसोबत काम करतात. घोषणेपूर्वी उमेदवाराकडून 'माझ्यावर शिस्तभंगाची किंवा मुलांच्या सुरक्षिततेसंबंधीची कारवाई प्रलंबित नाही' असं लेखी घ्या आणि त्यांच्या संमतीने संस्थेकडे खात्री करा. पुरस्कार मागे घेण्याची तरतूद नियमांत असू द्या.

आणि देणगी? पुरस्काराच्या पत्रात तिचा शब्दही नको. निदान एक वर्ष त्या व्यक्तीकडे निधी मागू नका, नाहीतर निवड विकत घेतल्याची शंका सगळ्यांवरच येते.

कोरी_पाटी
मोलाची माहिती. दोन शंका उरल्या. वेळापत्रक कसं बसवावं? आणि निवड न झालेल्यांचं काय करायचं? जागतिक शिक्षक दिनाला कार्यक्रम घ्यावा, असं सुचवलं गेलं आहे.

मानपत्र_लेखन
५ ऑक्टोबर अर्थपूर्ण आहे. शिक्षकांच्या दर्जाविषयीची युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस १९६६ मध्ये याच दिवशी स्वीकारली गेली आणि १९९४ पासून हा दिवस पाळला जातो. पण त्या दिवशी तुमचे सत्कारमूर्ती स्वतःच्या शाळेत हवे असतात. जवळचा सुट्टीचा दिवस घ्या आणि तो सराव पाठांच्या काळात येत नाही ना, ते पाहा. छात्राध्यापकांशिवाय हा कार्यक्रम करण्यात अर्थ नाही.

नऊ महिन्यांत पहिले सहा आठवडे नियमावली आणि समिती. नामांकनाला आठ आठवडे; पाचव्या आठवड्यात आठवण पाठवा, कारण बरेचसे अर्ज शेवटच्या काही दिवसांतच येतात. छाननी आणि पडताळणी चार, पुरावे मागवायला चार, गुणांकन आणि बैठक चार. विजेत्यांना आधी खासगीत कळवून होकार घ्या, मगच जाहीर करा. उरलेले दहा-बारा आठवडे मानपत्र, छपाई आणि प्रवासाला लागतात. हा काळ कमी केला की नावात चुका राहतात.

मानपत्र १२० शब्दांचं असावं. मंचावरून सावकाश वाचायला साधारण सव्वा मिनिट. 'शिक्षणक्षेत्रात भरीव योगदान' हे कोणाबद्दलही खरं ठरतं, म्हणून ते कोणाबद्दलच नसतं. क्रियापद आणि वस्तू लिहा, उदाहरणार्थ: 'ऐकू न येणाऱ्या मुलांना अपूर्णांक समजावेत म्हणून त्यांनी कागदी पट्ट्यांचा संच बनवला आणि तो इतर शिक्षकांना वापरायला दिला.' मसुदा दोन आठवडे आधी त्या व्यक्तीला दाखवा. नावाचं लेखन लेखी पक्कं करून घ्या आणि उच्चार फोनवर त्यांच्याच तोंडून ऐका.

कार्यक्रम ९० मिनिटांत संपवा. सत्कारमूर्तींना प्रत्येकी चार मिनिटं, आणि त्यांचं बोलणं पाहुण्यांच्या भाषणाआधी. वेळ घसरला की सर्वांत आधी त्यांचीच मिनिटं कापली जातात. दुपारी प्रत्येकासोबत २० छात्राध्यापक बसवा, ४० मिनिटं, मंच नाही, माईक नाही. त्यांचं एक पाठ टाचण ग्रंथालयात ठेवायला मागून घ्या. स्मृतिचिन्ह कपाटात राहतं, टाचण पुढच्या तुकडीच्या हातात जातं.

न निवडलेल्यांबद्दल: २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर रणजितसिंह डिसले यांनी निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून देण्याचं जाहीर केलं होतं. अंतिम यादीत आलेल्यांचं कामही तितक्याच तोलाचं असतं, हे त्यांनी त्या कृतीतून मान्य केलं. तुम्ही अंतिम यादीतल्यांचं काम विजेत्यांच्या शेजारी प्रसिद्ध करू शकता, अर्थात त्यांना विचारून. नामांकन दोन वर्षं आपोआप पुढे धरा. पत्र दोघांना जायला हवं, उमेदवाराला आणि ज्याने नाव सुचवलं त्यालाही. दुसरं पत्र हमखास राहून जातं, आणि मग तो माणूस पुन्हा कोणाचं नाव कळवत नाही.

वहीचे_पान
त्या दुसऱ्या पत्रासाठी नामांकनपत्रावर सुचवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि उमेदवाराशी नातं, असे दोन रकाने लागतील. नात्याचा रकाना समितीलाही कामी येतो: तिथे 'माझ्या मुलीचे शिक्षक' असं लिहून आलेली पत्रं आधी वाचायला घ्या.