सेंद्रिय शेतीची वेगळी पदवी: सातारा-सांगलीच्या पोरांना उपयोगाची की नुसतं नाव?

कृष्णाकाठ
बारावीनंतर सीईटी देऊन बी.एस्सी. ॲग्रीला जाणाऱ्या पोरांसाठी सेंद्रिय शेतीची स्वतंत्र पदवी हवी, असं माझं मत आहे. कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात 'सेंद्रिय शेतीची तत्त्वे' हा विषय १+१ क्रेडिटचा होता. म्हणजे एका सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान आणि दोन तास प्रात्यक्षिक. तेवढ्यात गांडूळखताचा बेड भरून होतो, पुढं काही नाही. हीच पोरं नंतर गावात राहून करायच्या ग्रामीण कार्यानुभवाला वाळवा-पलूसकडे जातात. शेतकऱ्यानं खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं, विचारलं, "युरिया बंद केला तर खोडव्याला टाकू काय?" की शेण-गोमूत्राच्या जीवामृताची कृती सांगून मोकळी होतात. गुजरातनं हालोलला स्वतंत्र विद्यापीठच काढलं. आपण दोन क्रेडिटवरच थांबलोय.

चोपण_मिरज
साफ अमान्य. वेगळी पदवी म्हणजे रसायनशास्त्राचे तास कापून घोषणांचे तास वाढवणं.

त्याच जीवामृताचं गणित मांडा. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. नत्र किती? शेणातून ३०-४० ग्रॅम, गोमूत्रातून फार तर १००, बेसनातून ७०. सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, तेही एकरभराला. आडसाली (दीड वर्षाच्या) उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी १६०. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं तर एकरी ३२ टन खत लागतं. तीन टनांची ट्रॉली धरा, अकरा ट्रॉल्या झाल्या. त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाच्या तोंडी जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. हे कोण मांडणार? ज्याचं मृदशास्त्र पक्कं आहे तोच. माती कळली की सेंद्रियही जमतं आणि रासायनिकही.

पाचट_कराड
मिरजकर, गणित बरोबर, निष्कर्ष उलटा. जीवामृत खत म्हणून नव्हे, जिवाणूंचं विरजण म्हणून टाकतात. २०० ग्रॅम नत्रासाठी कोणी बेसन भिजवत नाही. आणि ३२ टनांचा आकडा आला की पोरगं म्हणतं "अशक्य", आणि वही मिटते. खरा अभ्यास तिथून पुढं आहे.

आडसालीची लागण जुलैच्या मध्यापासून. त्याआधी पाणी असेल तर मे अखेरीस एकरी २० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) टाकायचा, ४५-५० दिवसांनी फुलोऱ्यात येताना गाडायचा. एकरी २५-३० किलो नत्र आलं. साठ दिवसांपुढं ठेवला की खोड लाकडासारखं होतं, लवकर कुजत नाही आणि उलट मातीतलंच नत्र धरून बसतं. गाडल्यावर जमिनीत ओल नसेल तर तेही वाया.

आता खोडवा. पाचट (उसाचा वाळलेला पाला) न जाळता ठेवायचं तर आपली शिफारस काय? टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारे जिवाणू. युरिया कशाला? पाचटात कर्ब-नत्राचं प्रमाण शंभराच्या घरात, जिवाणूंना पंचवीस-तीस लागतं. बाहेरून नत्र दिलं नाही तर ते जमिनीतलं ओढतात आणि पहिले दोन महिने खोडवा पिवळा दिसतो. सेंद्रियमध्ये युरिया चालत नाही. मग ते ३.७ किलो नत्र आणायचं कुठून? ताज्या शेणाची स्लरी म्हणाल तर पाचटाच्या टनामागं शेणही टनभर लागतं. एकरात पाचट तीन-चार टन. हे वर्गात कोण सोडवून घेतं? नेहमीच्या पदवीत "युरिया टाका" इथंच उत्तर संपतं.

चोपण_मिरज
आणि सुपर फॉस्फेटऐवजी काय देणार? रॉक फॉस्फेट ना? ते आम्लधर्मी जमिनीत विरघळतं. महाबळेश्वर-जावळीच्या तांबड्या जमिनीत चालेल. वाळव्याच्या काळ्या रानात सामू (पीएच) आठाच्या वर, तिथं पोतं जसंच्या तसं पडून राहतं. स्फुरद विरघळवणारे जिवाणू दिले तरी फरक थोडाच. सेंद्रियच्या पुस्तकात एकच ओळ असते, "रॉक फॉस्फेट वापरावे". म्हणून म्हणतो, आधी मृदशास्त्र.

द्राक्षबाग_तासगाव
उसावरच किती भांडाल? द्राक्षावर या. एक टक्का बोर्डो (बुरशीवरची फवारणी) म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना. मोरचुदात तांबं पाव हिस्सा, म्हणजे १०० लिटरमागं २५० ग्रॅम. हेक्टरी १,००० लिटर फवारलं की अडीच किलो तांबं बागेत. युरोपच्या सेंद्रिय नियमात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा, सरासरी वर्षाला ४. दीड फवारणीत कोटा संपला. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला तर डाऊनी या बुरशीच्या रोगाला दीड फवारणी कशी पुरायची? हा हिशेब ना सेंद्रियवाले शिकवतात ना दुसरे. पदवीचं नाव काहीही ठेवा.

फॉर्म_भरणारा
नोकरीचं बोला की. कृषी अधिकारी पदाच्या जाहिरातीत पात्रता लिहिलेली असते ती कृषी पदवी. नव्या नावाच्या पदवीला समकक्षता मिळेपर्यंत पहिल्या दोन-तीन तुकड्या कोर्टकचेऱ्या करत बसतील.

कृष्णाकाठ
समकक्षतेचा मुद्दा मान्य, तो आधी सोडवावा लागेल. पण काम फक्त सरकारीच का धरता? शेतकरी गटाचं प्रमाणीकरण करायचं तर प्रत्येक सभासदाचा शेतनकाशा, निविष्ठांच्या पावत्या, पेरणी-काढणीच्या नोंदी, वर्षाची अंतर्गत तपासणी हे सांभाळणारा माणूस लागतो. पीजीएसचं (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून दिलेलं) प्रमाणपत्र देशातल्या बाजारापुरतं, निर्यातीला एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) लागतं, हेही कित्येक पदवीधरांना ठाऊक नसतं.

प्रात्यक्षिक कसं असावं तेही सांगतो. दुकानातलं रायझोबियमचं (जिवाणू खताचं) पाकीट आणा. १ ग्रॅम पावडर ९ मिलि निर्जंतुक पाण्यात, त्यातलं १ मिलि पुढच्या ९ मिलिमध्ये, असं सहा नळ्यांपर्यंत. सहाव्या नळीतलं १ मिलि काँगो रेड घातलेल्या माध्यमावर, २८ अंशाला तीनेक दिवस. रायझोबियमच्या वसाहती पांढरट राहतात, इतर बहुतेक रंग ओढून लाल होतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, म्हणजे प्लेटवर पांढऱ्या ५० तरी दिसल्या पाहिजेत. उन्हात ठेवलेल्या पाकिटाच्या मोजा, मग कळेल शेतकरी "जिवाणू खतानं काय होत नाही" का म्हणतो ते.

पाचट_कराड
यात एक गोची राहिली. हंगामी पिकाला रासायनिकातून सेंद्रियात रूपांतरणाचा काळ किमान २ वर्षं, बहुवार्षिकाला ३. एम.एस्सी.ची मुदतही दोनच वर्षं. म्हणजे पोरगा रासायनिक रानात प्रयोग मांडतो, उत्पादन घटलेलं मोजतो आणि प्रबंधात लिहितो "सेंद्रियमध्ये उतारा कमी". मोजलं काय? नुसता बदलाचा काळ. बोगस नाही म्हणत मी, पण त्यावरून सेंद्रियबद्दल बोलू नये. पाडेगावला ऊस संशोधन १९३२ पासून आहे, कसबे डिग्रजला हळदीचं काम चालतं. अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं न हलणारा तुकडा शिक्षणाला जोडा. एका तुकडीनं नोंदी दुसरीकडे द्यायच्या.

चोपण_मिरज
याला माझा होकार. पदवी नको, प्लॉट द्या. तीन अटी. दरवर्षी एकाच महिन्यात माती घ्यायची, नाहीतर सेंद्रिय कर्बाचे आकडे जुळत नाहीत. नमुना ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर वेगवेगळा. आणि प्लॉट निवडताना वरच्या अंगाला रासायनिक ऊस नको. पाटाचं पाणी तिकडून उतरत असेल तर आधी चर काढून वळवा आणि मध्ये पट्टा सोडा, नाहीतर पहिल्याच तपासणीत शेरा बसेल.

द्राक्षबाग_तासगाव
पट्टा किती सोडणार? आमच्याकडे वीस-वीस गुंठ्यांच्या बागा, शेजारच्याचा ब्लोअर चालू झाला की औषध चार ओळी आत येतं.