मोनेची बाग, सीन नदीवरची क्रूझ आणि आईचे गुडघे: जून की सप्टेंबर?

नमस्कार मंडळी. यंदा आईची पंचाहत्तरी. तिने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, फ्रेंच चित्रकार मोनेने रंगवलेली कमळं ती कॅलेंडरवर पाहत आली. पॅरिसहून रुआँ, ओंफ्लर ही शहरं करून परत येणारी आठवड्याची क्रूझ बघतोय. कधी जावं? गुडघ्यांना झेपेल का?

प्रतिसाद १
काकूंना नक्की न्या! जिव्हेर्नी गावातली मोनेची बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर उघडी असते. मे महिन्यात जपानी पुलावर विस्टेरियाच्या वेलीची फुलं आणि जूनमध्ये गुलाब बघायला मिळतात. पण कमळांसाठी जायचं तर माझं मत सप्टेंबरचा पहिला आठवडा. तेव्हा नॅस्टर्शियमच्या वेली पसरून घरासमोरची मधली वाट जवळजवळ झाकून टाकतात.

वेळ मात्र सकाळचीच मागा. तिथली कमळं म्हणजे खरं तर पाण्याला टेकून फुलणारी कुमुदं, दुपार कलली की मिटायला लागतात. आम्हाला क्रूझवाल्यांनी चार वाजता नेलं, नुसती पानं बघून आलो. फार वाईट वाटलं. बोट व्हेर्नाँला लागते, तिथून बाग पाचेक किलोमीटर. बुकिंगआधी बागेची वेळ लेखी घ्या.

प्रतिसाद २
गुडघ्यांचं सांगते, माझ्या सासूबाई सोबत होत्या. फुलबाग सपाट आहे. कमळांचं तळं रस्त्यापलीकडे, भुयारी वाटेला पायऱ्या आहेत, सावकाश उतरवा. घरातही जिना आहे, पण पिवळंधमक जेवणघर आणि निळ्या फरशांचं स्वयंपाकघर खालीच आहे. भिंतींवर मोनेने जमवलेली जपानी चित्रं आहेत, काकू तिथून हलायच्या नाहीत.

नदीकाठच्या ले-झांदली गावात इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्डचा शातो गायार हा किल्ला आहे. चढ दमवणारा आहे, तो सोडा, बोटीतूनच छान दिसतो. रुआँ सोडू नका. मोनेने १८९२-९३ मध्ये तिथल्या कॅथेड्रलची तिसेक चित्रं रंगवायला घेतली, वेगवेगळ्या प्रहरांची. आम्ही सकाळी गेलो तेव्हा दगड राखाडी होता, संध्याकाळी त्याच भिंतीवर सायीसारखा पिवळसर रंग चढला. सासूबाई समोर बसूनच राहिल्या. फरसबंदी खडबडीत आहे, जाड तळाचे बूट हवेत.

ओंफ्लरचं सेंट कॅथरीन चर्च अख्खं लाकडी, जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी उभारलेलं. आत मान वर केली की उलटी ठेवलेली नाव वाटते.

प्रतिसाद ३
पॅरिसला ओरांजरी संग्रहालय ठेवा, पण क्रूझनंतर. दोन लंबगोल दालनांत कमळांची आठ भलीमोठी चित्रं आहेत, मधे बसायला बाकं. आधी खरं तळं बघितलं असलं की चित्रातलं पाणी ओळखीचं वाटतं.

धागाकर्ता
मनापासून आभार. सप्टेंबरचं ठरवतोय, सकाळच्या वेळेसाठी आजच मेल टाकतो. आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, स्केचबुक आत नेऊ देतात का?

प्रतिसाद २
माझ्या पर्समध्ये छोटी वही होती, कोणी हटकलं नाही. तळ्याकाठी बाकं आहेत. पेन्सिली आठवणीने घ्या.