याना नोव्होत्ना फक्त त्या रडण्यासाठीच का आठवते सगळ्यांना?

अनुजा_डी
नमस्कार मंडळी. मी टेनिस तसं उशिरा बघायला लागले, सानिया-हिंगीस जोडी फॉर्मात होती तेव्हापासून, त्यामुळे नव्वदच्या दशकातलं मला फारसं माहीत नाही. २०२४ ला चेक खेळाडू बार्बोरा क्रेचिकोव्हाने विम्बल्डन जिंकलं आणि नंतर तिला क्लबमधला विजेत्यांच्या नावांचा बोर्ड दाखवला तेव्हा ती एकदम रडायलाच लागली, कारण त्याच बोर्डवर वर कुठेतरी तिच्या कोचचं, याना नोव्होत्नाचं नाव होतं. ते बघून मी नोव्होत्नाबद्दल शोधायला बसले तर जिथे जावं तिथे एकच फोटो, १९९३ च्या विम्बल्डन फायनलनंतर डचेस ऑफ केंटच्या (ब्रिटिश राजघराण्यातली, ट्रॉफी द्यायला आलेली) खांद्यावर डोकं ठेवून रडतेय तो, आणि खाली "प्रेशरमध्ये कोसळणारी खेळाडू" टाइपचं काहीतरी लिहिलेलं. पण मग आकडे बघितले तर सिंगल्स, डबल्स, मिक्स्ड सगळं मिळून १७ ग्रँड स्लॅम! मला हे दोन्ही एकत्र जुळवताच येत नाहीये. ज्यांनी तिला तेव्हा खेळताना बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, ती खेळायची कशी आणि त्या मॅचमध्ये नक्की झालं काय? आणि खरंच ती इतकी कच्च्या मनाची होती का?

टायब्रेकर
मी बघितलीय ती मॅच टीव्हीवर, आणि इतक्या वर्षांनीही तो तिसरा सेट आठवला की त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घे की त्या फायनलला ती नशिबाने पोचली नव्हती. क्वार्टरला सबातिनी, सेमीला नवरातिलोवा, तीही ग्रासवर, आणि दोघींनाही सरळ दोन सेटमध्ये काढलं होतं. समोर स्टेफी ग्राफ. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा यानाने ६-१ ने घेतला. दुसऱ्या सेटमध्ये ग्राफला काही सुचतच नव्हतं, याना तिच्या बॅकहँडला खाली राहणारी स्लाइस (कापून मारलेला शॉट) टाकायची आणि नेटवर धावायची, परत स्लाइस, परत नेट. तिसऱ्यात ४-१ आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३०. म्हणजे एक पॉइंट आणि ५-१. तिथे डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकल्या की पॉइंट समोरच्याला), आणि सेकंड सर्व्ह थोडक्यात नाही चुकली, भरपूर बाहेर गेली. मग एक व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला शॉट) घालवली, मग एक स्मॅश नेटमध्ये. ४-२. ग्राफने आपली सर्व्हिस राखली, ४-३, आणि पुढच्या गेममध्ये यानाने तीन डबल फॉल्ट केले. तिथून ६-४ ने संपलंच, ग्राफने सलग पाच गेम घेतले.

आता "कोसळली" म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की ती सर्व्ह-अँड-व्हॉलीवाली, म्हणजे सर्व्ह करून लगेच नेटवर धावणारी होती हे विसरू नका. बेसलाइनवरून खेळणाऱ्या खेळाडूचा हात आखडला तर ती काय करते, बॉल मधोमध ठेवते, चार शॉट जास्त खेळते, सेकंड सर्व्ह हळू टाकून रॅली सुरू करते, आणि दहा मिनिटांत सावरते, बघणाऱ्याला कळतही नाही की ती घाबरली होती. सर्व्ह करून नेटवर धावणाऱ्याला ही सोयच नाही. सेकंड सर्व्ह हळू टाकली तर ग्राफचा फोरहँड तुम्ही अर्ध्या रस्त्यात असतानाच पायाशी येऊन पडणार, म्हणून सेकंड सर्व्हसुद्धा खोल आणि जोरात मारावीच लागते. त्यामुळे थोडी जरी भीती वाटली की ती लगेच स्कोअरबोर्डवर दिसते. तिची भीती सगळ्या जगाला दिसली, बाकीच्यांची झाकली गेली, असं मला कायम वाटत आलंय.

रवी_नागपूर
टायब्रेकर दादा, सर्व्ह-अँड-व्हॉलीचा मुद्दा पटला पण अर्धाच. मी स्वतः यानाचा फॅन, तरी सांगतो, तिला नर्व्हजचा प्रॉब्लेम होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ ची फ्रेंच ओपन घ्या, तिसरी राउंड, समोर चांडा रुबिन. तिसऱ्या सेटमध्ये याना ५-० आणि ४०-० वर होती, मॅच पॉइंट एकामागून एक आले, एकूण ९, आणि शेवटी हरली ८-६ ने. तिथे ना ग्रास होतं ना समोर ग्राफ. दोन वर्षांपूर्वीचं विम्बल्डन डोक्यात गेलं असणार, लीड मिळाली की तेच चित्र परत समोर येत असणार, दुसरं काय.

पण अनुजा, माझं म्हणणं असं की ज्याला असा प्रॉब्लेम आहे तो माणूस परत परत त्याच जागी येऊन उभा राहतो हे जास्त मोठं आहे. १९९१ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वार्टरला तिने ग्राफला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ ने हरवलंय, त्या काळातल्या ग्राफला! फायनलला मोनिका सेलेसविरुद्ध पहिला सेट घेऊन मग हरली. अटलांटा ऑलिंपिकला सेलेसला परत तिसऱ्या सेटमध्ये ८-६ ने हरवलं. कच्च्या मनाची खेळाडू सेलेस आणि ग्राफला ८-६ ने हरवत नाही. म्हणजे नर्व्हज होत्या, पण त्यामुळे ती नेहमीच हरली हे साफ चूक आहे.

मेधा_साठे_नव्हे
सगळे सिंगल्सवरच बोलताय म्हणून मध्ये पडते. याना मुळात डबल्सची राणी होती आणि तो भाग सोडला तर तिचं करिअर अर्धं पण कळत नाही.

ब्रनोची मुलगी, जन्म १९६८ चा, म्हणजे सगळं शिक्षण चेकोस्लोव्हाकियात. त्या छोट्याशा देशाने बायकांच्या टेनिसमध्ये काय काय दिलंय बघा, नवरातिलोवा, मांडलिकोव्हा, सुकोव्हा, आणि मग ही. तिने १२ ग्रँड स्लॅम डबल्समध्ये आणि ४ मिक्स्डमध्ये जिंकली, मिक्स्डची चारही जिम प्यूबरोबर. १९९० साली हेलेना सुकोव्हाबरोबर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन ओळीने जिंकलं आणि यूएस ओपनच्या फायनलला जिजी फर्नांडिस आणि नवरातिलोवाकडून हरल्या, नाहीतर वर्षातली चारही झाली असती. नंतर अरांता सांचेझबरोबर जिंकली, डेव्हनपोर्टबरोबर जिंकली, हिंगीसबरोबर जिंकली. पार्टनर बदलत गेले आणि ही जिंकतच राहिली, ह्यावरून कळतं की जोडीचा मेंदू कोण होतं. तुला सानिया-हिंगीस आवडायच्या ना, तर १९९८ ची हिंगीस-नोव्होत्ना जोडी शोधून बघ. हिंगीसने त्या वर्षी डबल्सची चारही स्लॅम जिंकली, त्यातली तीन यानाबरोबर. नेटवर हिंगीस जी कमाल करायची ती त्या वर्षी यानाच्या शेजारी उभी राहून किती पक्की झाली असेल असं मला नेहमी वाटतं.

करिअरमध्ये डबल्सची ७६ टायटल्स आणि सिंगल्सची २४. बऱ्याच नावाजलेल्या खेळाडूंची दोन्ही मिळून एवढी होत नाहीत.

आणि ऑलिंपिक! १९८८ सोलला सुकोव्हाबरोबर सिल्व्हर, तेव्हा छातीवर चेकोस्लोव्हाकिया. १९९६ अटलांटाला परत सुकोव्हाबरोबर सिल्व्हर, आता चेक रिपब्लिक. देश बदलला, पार्टनर तीच, मेडल तेच. शिवाय अटलांटाला सिंगल्सचं ब्राँझ. आपल्याकडे अटलांटा म्हटलं की लिएंडरचं ब्राँझ आठवतं, खाशाबा जाधवांनंतर ४४ वर्षांनी आलेलं वैयक्तिक मेडल, तर बायकांच्या सिंगल्समध्ये तेच ब्राँझ यानाचं होतं.

अनुजा_डी
बाप रे, मेधाताई, हे डबल्सचं मला शून्य माहीत होतं! आणि टायब्रेकर दादांचं सेकंड सर्व्हचं वाचून मी काल यूट्यूबवर तो ४-१ चा गेम परत बघितला, आता वेगळाच दिसला. पण मग १९९८ ला ती जिंकली कशी? म्हणजे ९३ आणि ९७ च्या दोन फायनल हरल्यावर काय बदललं? की त्या वर्षी ड्रॉ, म्हणजे समोर आलेल्या खेळाडू, सोपा होता?

टायब्रेकर
ड्रॉ सोपा? क्वार्टरला व्हीनस विल्यम्स आणि सेमीला हिंगीस. व्हीनस तेव्हा १८ ची, पण सर्व्हिस आजही कोणाला झेपणार नाही अशी, आणि हिंगीस वर्ल्ड नंबर वन, गतविजेती, आणि याच्याच आधीच्या वर्षी फायनलला हिला हरवलेली. १९९७ ची ती फायनल पण बघ, याना पहिला सेट ६-२ ने जिंकली होती, तिसऱ्यात २-० ने पुढे होती, पोटाचा स्नायू दुखावलेला, आणि समोर १६ वर्षांची पोरगी जी काहीही केलं तरी शांत. हरली. तेव्हा डचेसने तिला धीर दिला की तिसऱ्या वेळी नक्की होईल, ही गोष्ट नंतर सगळ्या पेपरात आली होती.

तर ९८ च्या सेमीला त्याच हिंगीसला ६-४, ६-४. मला विचारशील तर तिचं विम्बल्डन तिथेच जिंकून झालं होतं. हिंगीसला पासिंग शॉट मारायला वेळच दिला नाही, रिटर्नवर पण नेटवर जायची. फायनलला फ्रान्सची नाताली तोझिया, तीही नेटवर येणारी, त्यामुळे मॅच फार देखणी होती, दोघी धावतायत, दोघी व्हॉली मारतायत, असली फायनल आता बघायला मिळत नाही. दुसऱ्या सेटमध्ये यानाला मॅच संपवायला सर्व्ह करायची होती तिथे ती ब्रेक झाली, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम हरली, आणि त्या क्षणी बघणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला असणार की आता परत तेच. नाही झालं. टायब्रेक ७-२ ने घेतला. वय २९, आणि पहिलं सिंगल्स ग्रँड स्लॅम. प्लेट परत त्याच डचेसच्या हातून.

काय बदललं म्हणशील तर माझ्या मते एक आधीच बदललं होतं, ९७ च्या शेवटी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वर्षाअखेरची चॅम्पियनशिप तिने जिंकली, फायनलला मेरी पिअर्सला तीन सरळ सेटमध्ये हरवून, तेव्हा ती फायनल बायकांसाठी पण पाच सेटची असायची. मोठी सिंगल्स ट्रॉफी हातात आली की माणूस वेगळा चालतो.

मेधा_साठे_नव्हे
यात हाना मांडलिकोव्हाचं नाव राहून जातंय. ती १९९० पासून यानाची कोच. स्वतः चार ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकलेली, पण विम्बल्डन नाही, १९८१ ला एव्हर्टकडून आणि १९८६ ला नवरातिलोवाकडून फायनल हरलेली. म्हणजे ९३ आणि ९७ ला जेव्हा याना हरली तेव्हा बॉक्समध्ये बसलेल्या बाईला ते दुःख नेमकं ठाऊक होतं, तिने स्वतः दोनदा भोगलेलं. आधी याना बेसलाइनवरून पण बरंच खेळायची, तिला नेटकडे ढकलण्यात हानाचा मोठा हात होता. ९३ नंतर कोणीही सल्ला दिला असता की बाई जरा सेफ खेळ, मागे राहा. त्यांनी तसं केलं नाही, त्याच खेळावर अडून राहिल्या. मला ह्या दोघींबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

रवी_नागपूर
आणि अनुजा, तू क्रेचिकोव्हापासून सुरुवात केलीस म्हणून तिथलं राहिलेलं सांगतो. ती पण ब्रनोचीच. ज्युनियर संपल्यावर पुढे काय करायचं कळत नव्हतं तेव्हा ती आणि तिची आई थेट यानाच्या घरी गेल्या, ओळख वगैरे काही नाही, दार वाजवलं आणि मदत मागितली. यानाने हो म्हटलं. क्रेचिकोव्हाही आधी डबल्समध्ये मोठी झाली, सिनियाकोव्हाबरोबर, सिंगल्समध्ये नंतर.

नोव्हेंबर २०१७ ला याना कॅन्सरने गेली, फक्त ४९ वर्षांची. शेवटच्या काळात क्रेचिकोव्हा तिच्याजवळ होती, आणि यानाने तिला सांगितलं होतं की खेळाची मजा घे आणि एक ग्रँड स्लॅम जिंकायचा प्रयत्न कर. २०२१ ला तिने फ्रेंच ओपन जिंकलं, त्याच स्पर्धेत डबल्स पण, आणि कोर्टवरच यानाची आठवण काढली. मग २०२४ ला विम्बल्डन, पाओलिनीला ६-२, २-६, ६-४ ने हरवून. त्या तिसऱ्या सेटचा शेवट बघ, क्रेचिकोव्हा सर्व्ह करतेय, ब्रेक पॉइंट वाचवतेय, मॅच पॉइंट गेलाय, हात नक्की थरथरत असणार, आणि तरी मॅच संपवते. मला ती मॅच बघताना सारखं ९३ आठवत होतं.

अनुजा_डी
रवी दादा, दार वाजवून जाणं हे मला माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. आता या वीकेंडला ९८ ची हिंगीसबरोबरची सेमी पूर्ण बघणार आहे. डबल्सची कुठली मॅच पूर्ण सापडते का कोणाकडे लिंक? हायलाइट्स नकोत, पूर्ण हवी.

मेधा_साठे_नव्हे
९८ विम्बल्डनची डबल्स फायनल शोध, हिंगीस-नोव्होत्ना विरुद्ध डेव्हनपोर्ट-झ्वेरेवा. पूर्ण मिळाली तर इथे टाक, मलाही परत बघायचीय. आणि बघताना बॉल सोडून फक्त यानाकडे बघ, पार्टनर सर्व्ह करत असताना ती नेटवर कधी आणि कुठे सरकते ते. डबल्स खेळणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना मी तर तेच आधी दाखवेन.